आधी काच, मग कागद

आमच्या कामात पेशंट दिसत नाही, तुकडा दिसतो. वरच्या मजल्यांवर कुणाच्या तरी अंगातून काढलेला मांसाचा कण औषधाच्या बाटलीतून तळघरात येतो. तो मेणात बसवतात, मेणाच्या ठोकळ्याचे केसाहून पातळ काप काढतात, काप काचेवर चढवून गुलाबी-जांभळे रंगवतात आणि ती काच माझ्यापुढे ठेवतात. मायक्रोस्कोपमधून बघून मी सांगायचं, हे काय आहे. अडतीस वर्षं मी एवढंच काम केलं, निवृत्त झालो, आणि माझी जागा घ्यायला कुणी मिळेना म्हणून त्यांनी परत बोलावलं, त्याला आता तीन वर्षं झाली.

बाटलीबरोबर एक कागद येतो. त्यावर वय, लक्षणं आणि वरच्या डॉक्टरांचा अंदाज लिहिलेला असतो. तो कागद मी पालथा ठेवतो. आधी काच, मग कागद. अंदाज एकदा वाचला की डोळे त्याची बाजू घ्यायला लागतात, आणि माझे तर फारच लवकर घेतात. समोरच्याने ठामपणे सांगितलं की मला पटतंच. दुकानदार म्हणतो त्या रंगाचा शर्ट मी घेऊन येतो आणि घरी आल्यावर वाटतं, हा आपल्याला नको होता. म्हणून ही पद्धत. तिच्यामागे विद्वत्ता नाही, भित्रेपणा आहे.

दुसरी माझी सवय म्हणजे रिपोर्टात ‘बहुतेक’ लिहिण्याची. ‘बहुतेक साधी गाठ’, ‘बहुतेक सूज’. वरच्या मजल्यांवर मला ‘बहुतेक डॉक्टर’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. एकदा लिफ्टमध्ये माझ्या पाठीमागेच दोन नर्स बोलत होत्या. एक म्हणाली, “बहुतेक डॉक्टरांचा रिपोर्ट आला का?” दुसरी म्हणाली, “बहुतेक आला.” दोघी हसल्या. मलाही हसू आलं, पण वळून बघायचं धाडस झालं नाही. मी माझ्या मजल्याच्या आधीच उतरलो.

आमच्याकडे एक बालहृदयतज्ज्ञ आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली सहा महिने शिकली, मग वर गेली आणि मुलांच्या हृदयांची मोठी डॉक्टर झाली. पण जिने उतरून माझ्याकडे येणारी ती एकटीच. बाकी सगळे फोन करतात. त्या दिवशी सकाळी ती स्वतःच बाटली घेऊन आली.

“सर, कागद पालथा ठेवते,” ती म्हणाली. “पण तोंड कसं पालथं ठेवू?”

तिने स्टूल ओढलं, माझ्या डब्यातली दोन बिस्किटं काढली आणि सांगायला लागली. अडीच वर्षांची मुलगी. जिना चढताना धाप लागायची म्हणून दाखवायला आणली. हृदयाभोवती पाणी साठलेलं. सोनोग्राफीत हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या भिंतीत गाठ दिसली. सर्जनने पाणी काढलं आणि गाठीचे तीन चिमुकले तुकडे काढून दिले.

“पाणी जरा लालसर होतं, पण सर्जन म्हणतो, सुई लागून रक्त आलं असेल. सर, इतक्या लहान वयात हृदयात गाठ म्हणजे दहातल्या नऊ साध्याच. हीसुद्धा स्नायूची साधी गाठ आहे, वय वाढेल तशी आपली आपण विरून जाईल. मला फक्त तुमचा शिक्का हवा आहे.”

तिला तिथेच थांबवायला हवं होतं. ‘पुढचं नको सांगूस, आधी बघू दे,’ हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी ते रोज फोनवर वापरतो. पण बायको गेल्यापासून घरी मी कुणाशी बोलत नाही, पुस्तकं बोलतात तेवढीच, आणि तळघरात कामापुरतं. ती बिस्किट खात होती, पाय हलवत होती, एका छोट्या मुलीबद्दल मला सांगत होती. कुणीतरी माझ्यापाशी बसून बोलत होतं. मी ऐकत बसलो. मधे मधे प्रश्नही विचारले, म्हणजे ती आणखी पाच मिनिटं बसेल.

उठताना ती म्हणाली, “आई-बापाचा आठ दिवस डोळ्याला डोळा लागलेला नाही. ह्या खेपेला ते ‘बहुतेक’ लिहू नका हं. तुमचं ‘बहुतेक’ घरच्यांना समजावून सांगताना माझी वाट लागते.”

“बघू,” मी म्हणालो.

“बघू नाही. नक्की.”

दुसऱ्या दिवशी काचा आल्या. तुकडे रक्ताने माखलेले, कडेला चिमट्याने चिरडलेले. मी शोधायला लागलो. साध्या स्नायुगाठीत एक विशिष्ट पेशी दिसते. आतून रिकामी, मधे केंद्रक आणि त्यापासून भिंतीपर्यंत ताणलेले बारीक धागे, जाळ्यात बसलेल्या कोळ्यासारखी. ती दिसली की प्रश्न मिटला, असं आम्ही शिकवतो. मला एक दिसली. मग आणखी पाच. कडेला गर्द जांभळ्या, लहान, दाटीवाटीच्या पेशी होत्या, पण त्या चिरडलेल्या होत्या. मी त्यांना सूज म्हणून सोडून दिलं. खरं सांगायचं तर त्यांच्याकडे मी पुरतं बघितलंच नाही. मला जे शोधायला सांगितलं होतं ते सापडलं होतं.

रिपोर्ट लिहिला. ‘हृदयाच्या स्नायूची साधी गाठ. घातक नाही.’ ‘बहुतेक’ लिहिलं नाही. सही करताना बरं वाटलं, अगदी शाळेत पाढा न अडखळता म्हटल्यासारखं. फोन केला तर ती म्हणाली, “सर, जीव भांड्यात पडला. उद्या चार वाजता सोडते तिला घरी.”

आमच्याकडे काप काढणारा तंत्रज्ञ आहे. वय पन्नाशीपुढचं, बोटं जाड, पण त्याच्यासारखा पातळ काप कुणाला जमत नाही, म्हणून सगळे त्याला पापुद्रा म्हणतात. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला त्याने ट्रे आणून ठेवला. नाव छापायचं मशीन बिघडलेलं होतं, त्यामुळे काचांवर नुसते पेन्सिलने आकडे. मी पहिली काच घेतली.

एका नजरेत दिसलं. लहान, गर्द, एकमेकींवर चढलेल्या पेशी, आणि बघावं तिथे एकीच्या दोन होत असलेल्या. पेशीची विभागणी चालू असताना केंद्रकाची दोरी होते, ती दोरी मधोमध फाटते. निरोगी स्नायूत आयुष्यभर शोधूनही ती क्वचितच सापडते. इथे एका नजरेच्या टप्प्यात चार. काही पेशी लांबट, शेपटी फुटलेल्या, त्यांत आडव्या रेघा. स्नायू व्हायला निघालेल्या आणि वाटेत बिघडलेल्या. त्यांच्यात अधूनमधून एखादी रिकामी, धागे ताणलेली.

“हे लहान मूल आहे,” मी म्हणालो. “आणि घातक आहे. कोण आहे हे?”

पापुद्रा मान वर न करता म्हणाला, “कालचीच की. ती हृदयवाली पोरगी.”

“कालची काच मी बघितली होती.”

“ही कालची नव्हे. ठोकळ्यात माल शिल्लक होता, डॉक्टर. वरवरचं कापलेलं तुम्ही बघितलंत. चांगला माल टाकून देववत नाही मला. आज खोल जाऊन चार काप काढले.” मग त्याने माझ्याकडे बघितलं. “का? काल साधी म्हणालात ना?”

मी कालच्या काचा काढल्या. आता त्यांच्यातही सगळं होतं. कडेच्या चिरडलेल्या पेशी सूज नव्हती. ते सहा कोळी खरे होते, पण असे कोळी ह्या घातक गाठीतही मधे मधे सापडतात. पुस्तकात तसं एका ओळीत छापलेलं आहे. ती ओळ मी कितीतरी वर्गांना वाचून दाखवली आहे.

सव्वाअकरा झाले होते. मुलगी चार वाजता घरी जाणार होती. साधी गाठ म्हणून गेली असती तर सहा महिन्यांनी तपासायला बोलावलं असतं. ह्या गाठीत तिच्याजवळ सहा महिने नव्हते.

मी फोन केला.

“त्या मुलीला सोडू नकोस. माझा रिपोर्ट चुकलाय.”

 ती हसली, प्रेमानेच. “सर, सुरू झालं का तुमचं?”

“काय?”

“प्रत्येक रिपोर्टनंतर दोन दिवस तुम्हाला असं होतं. मी सहा महिने तुमच्याजवळ काढलेत. रात्री घरून फोन करून काच परत काढायला लावायचात.”

“ह्या वेळी तसं नाहीये.”

“तेव्हाही हेच म्हणायचात. सर, पाणी परत भरलेलं नाही, पोरगी खेळतेय, तिची आई चार दिवसांनी आज जेवली. मी आत्ता एका बाळाला नळी घालण्यात अडकलेय. उद्या निवांत बोलू?”

फोन ठेवला गेला. तिचं चुकलं नव्हतं. मी इतकी वर्षं इतक्यांदा उगीच घाबरलो होतो, की आता खरोखर घाबरण्यासारखं घडलं तर सांगायला माझ्याकडे वेगळा आवाजच नव्हता.

एक गोष्ट हातात होती. दिलेला रिपोर्ट मागे घेता येतो. त्याचा एक छापील फॉर्म असतो. तो तीन ठिकाणी जातो आणि तो निघाला की पेशंटला सोडता येत नाही. अडतीस अधिक तीन वर्षांत मी तो कधी भरला नव्हता. ‘बहुतेक’ लिहिणाऱ्याला मागे काही घ्यावंच लागत नाही. फॉर्म कुठे असतात तेही मला माहीत नव्हतं. पापुद्र्याने कपाटावरच्या खोक्यातून काढून दिला आणि धूळ झटकली.

‘कारण’ ह्या रकान्यात लिहिलं: ‘निदान चुकले. गाठ घातक आहे.’ वाचून पाहिलं. दोन्ही वाक्यांत काही घालावं असं हाताला वाटत होतं. घातलं नाही.

वीस मिनिटांत ती खाली आली. ऑपरेशनची टोपी डोक्यावर तशीच. स्टुलावर बसली नाही.

“सर, हे काय केलंत? सर्जन मला विचारतोय, तुझे गुरुजी ठीक आहेत ना. मी आई-बापांना काय सांगू? काल एक, आज एक?”

मी खुर्ची सोडली. “बस. बघ.”

ती मायक्रोस्कोपला डोळे लावून बसली. मी बाजूला उभा राहिलो. काही सांगितलं नाही. फार इच्छा झाली होती, पण नाही सांगितलं. तिचा हात काच हळूहळू सरकवत होता. मग थांबला. मग पुन्हा त्याच जागी मागे आला. पलीकडे पापुद्रा नळ बंद करून उभा होता.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “हे विभागतंय.”

“हो.”

“इथेपण.”

“हो.”

तिने टोपी काढून मांडीवर ठेवली. “लाल पाणी सुईचं नव्हतं.”

“बहुधा... नाही. नव्हतं.”

“खास रंग लावून खात्री करायची ना?”

“लावायला दिलाय. उद्या दुपारी कळेल. पण तू त्यासाठी थांबू नकोस. आजच तिचं बाकीचं अंग तपासायला सुरुवात कर.”

“नक्की?”

“नक्की.”

ती माझ्याकडे बघत राहिली, ओळखीचा माणूस अनोळखी गावात दिसल्यासारखी. “मग काल कसं झालं?”

मी तिला खरं कारण सांगितलं. तू आधी सगळं बोललीस, आणि मी थांबवलं नाही. तुझा दोष नाही. मला तुझं बोलणं ऐकायचं होतं. हे सांगताना मी काचेकडे बघत होतो.  ती म्हणाली, “वर चला माझ्याबरोबर. त्यांना एकटी नाही सांगू शकत मी.”

वॉर्डात मी किती वर्षांनी जात होतो ते मोजायला नको. पावलं कुठे टाकावीत कळत नव्हतं. मुलगी पलंगावर बसली होती. घरचा फ्रॉक घातलेला, एका पायात बूट, दुसरा हातात. छातीवर पट्टीचा फुगवटा. आई पिशवी भरत होती. बाप खाली गुडघ्यांवर बसून म्हणत होता, “दे बघू तो बूट. बुटाशिवाय घरी घेतात का कुणाला?”

“घेतात,” ती म्हणाली.

बालहृदयतज्ज्ञाने त्या दोघांना बाजूच्या खोलीत नेलं आणि सांगायला सुरुवात केली, आणि अर्ध्यावर तिने माझ्याकडे बघितलं. मग मी बोललो. गाठ साधी नाही, घातक आहे, इतक्या लहान मुलांत फार दुर्मीळ असते, काल मी साधी लिहिली ती माझी चूक. एवढं सरळ मी कधी बोललो नव्हतो. ऐकायला कठोर वाटलं. आईने पिशवी छातीशी धरली आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

बाप लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. खिशाला कंपनीचा बिल्ला होता. तो खूप वेळ माझ्याकडे बघत होता.

“काल चुकलात म्हणता.”

“हो.”

“मग आज चुकत नसाल कशावरून?”

प्रश्न बरोबर होता. एरवी अशा प्रश्नापुढे मी मान तुकवून ‘शक्यता आहे’ म्हटलं असतं, आणि त्या शब्दाला धरून ते मुलीला घरी घेऊन गेले असते.

“काल मला आधी सांगितलं गेलं होतं, काय आहे ते,” मी म्हणालो. “आज कुणाची काच आहे हेही माहीत नव्हतं.”

त्याने मान हलवली. “लिफ्ट अडकली की वॉचमन सांगतो, दार बिघडलंय. मग आपण दोन तास दारच खोलत बसतो.” मग, वेगळ्याच आवाजात, “बरी होईल?”

“ते माझ्या काचेत दिसत नाही.”

पुढचं बालहृदयतज्ज्ञाने सांगितलं. आधी औषधं, महिने लागतील, केस जातील, उलट्या होतील. गाठ लहान झाली तर ऑपरेशन करून काढायची. तेव्हा तुकडे पुन्हा तपासायचे, काही जिवंत उरलंय का बघायला. बाप एकेक गोष्ट बोटांवर मोजत होता. बाहेर आल्यावर तो पुन्हा गुडघ्यांवर बसला आणि मुलीच्या पायातला बूट काढायला लागला. ती पाय ओढून घेत होती. मी तिथून निघालो. लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरलो.

दुसऱ्या दिवशी खास रंगाची काच आली. पेशींची केंद्रकं तपकिरी झाली होती, एकूण एक, ह्या घातक गाठीत होतात तशी. माझं बरोबर होतं. पापुद्रा म्हणाला, “चला, अब्रू राहिली.”  आयुष्यभर मला वाटायचं, एकदा तरी शंभर टक्के बरोबर असावं. ते असं असेल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन मी पुस्तक उघडलं आणि एका पानावर तासभर बसलो.

औषधं सुरू झाली. पहिले काही दिवस मी वाट बघितली की बालहृदयतज्ज्ञ खाली येईल, काहीतरी सांगेल. ती आली नाही. तिच्याकडच्या बाटल्या आता वॉर्डातला माणूस आणतो. चौथ्या आठवड्यात न राहवून मी फोन केला.

“कशी आहे मुलगी?”

 “सर, ते नाही सांगणार मी.”

“म्हणजे?”

“ऑपरेशन झालं की तुकडे तुमच्याकडेच येणार. दुसऱ्या कुणाकडे मी देणार नाही. मग आत्ता मी म्हटलं, गाठ कमी झालीय, किंवा म्हटलं नाही झाली, तर तुम्ही तेच बघाल. तुम्हीच म्हणालात ना?”

“म्हणालो.”

“मी खाली पण येत नाही त्यासाठीच. आले की बोलून जाईन. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे.” मग म्हणाली, “बिस्किटं संपवा हो. सादळतील.”

तिचं बरोबर होतं. मी तसं म्हणालोसुद्धा.

आता चौथा महिना चालू आहे. काप रोज येतात, कधी कुणाचं यकृत, कधी कुणाची मान. मशीन दुरुस्त झालं तरी मी पापुद्र्याला सांगितलं आहे, लहान मुलांच्या काचांवर नाव नको, नुसता आकडा. वॉर्डात मी जात नाही. दुपारी जेवणघरात गेलो तर भिंतीकडच्या टेबलावर बसतो, म्हणजे वरच्या मजल्याची माणसं शेजारी येऊन बोलत नाहीत. एकदा फाटकापाशी त्या मुलीच्या बापासारखा माणूस पाठमोरा दिसला. चालण्यावरून काही कळेल असं वाटलं आणि मी मान फिरवली.

पापुद्र्याचा मात्र सगळ्या मजल्यांवर वावर असतो. त्याला सगळं ठाऊक असतं.

“डॉक्टर, पोरीचं कळलंय मला,” काल तो म्हणाला.

“नको.”

“नुसतं एवढंच...”

“नको म्हटलं ना.”

“बरं,” तो म्हणाला आणि आपल्या मशीनकडे गेला. थोड्या वेळाने काप काढता काढता तो शीळ घालायला लागला. त्या शिळेत काही आहे का, ती खुशीची आहे की नुसती सवयीची, हे मी ऐकायला लागलो आहे असं माझ्या लक्षात आलं. मी उठलो आणि मधलं दार लावून घेतलं.